बिघाडाला जागा असते



घरबसल्या ऑफिसचा संगणक चालवणं हा विषय काही वर्षांपूर्वी आपल्या छावणी भागातल्या व्याख्यानमालेत कुणी ठेवला नसता. तो इथपर्यंत आला 2020 मुळे. 25 मार्चपासून देश बंद झाला. त्याच्या बारा दिवस आधी, 13 मार्चला, केंद्राच्या दूरसंचार विभागाने एक आदेश काढला होता. तोवर कॉल सेंटर, बीपीओ अशा सेवांना कर्मचाऱ्यांना घरून काम द्यायचं तर एक कोटीची सुरक्षा ठेव, वेगळा करार आणि दूरसंचार कंपनीनेच पुरवलेलं व्हीपीएन अशा अटी पाळाव्या लागत. त्या तात्पुरत्या शिथिल झाल्या आणि 5 नोव्हेंबर 2020 च्या नव्या नियमांनी घरून काम करण्यावरची ती बंधनं उठवली. आदेश होता बीपीओंसाठी, पण सवय सगळ्यांना लागली. आज आपल्या शहरातल्या कितीतरी सीएंच्या कार्यालयांत टॅली एका सर्व्हरवर असतं आणि आर्टिकलशिपची मुलं घरून त्यावर काम करतात. चिकलठाणा, वाळूज, शेंद्र्याच्या कारखान्यांतला हिशेब, खरेदी, डिझाइन यांचं बरंच काम असंच चालतं.

आणि मग एखाद्या सकाळी ते चालत नाही. ऑफिसला फोन केला की तिकडून उत्तर येतं, "नेट स्लो असेल, राउटर बंद-चालू करून बघा." ते करूनही काही होत नाही, दिवस वाया जातो, आणि काम करणाऱ्याच्या मनात बसतं की छावणीत राहून असलं काम जमायचं नाही, पुणं गाठायला हवं. मला आज याच समजुतीशी भांडायचं आहे. "नेट खराब आहे" हे निदान नव्हे. बिघाडाला जागा असते, आणि ती शोधणं इंजिनिअर नसलेल्या माणसालाही जमतं.

आधी घडतं काय ते पाहू. रिमोट डेस्कटॉपमध्ये तुमच्या फायली ऑफिसातच राहतात. तुमच्याकडून जातात फक्त कळा आणि माउसच्या हालचाली, आणि तिकडून येतं ते पडद्याचं चित्र. मायक्रोसॉफ्टने ही सोय 1998 मध्ये विंडोज एनटी 4.0 च्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीत आणली आणि 2001 च्या एक्सपी प्रोफेशनलपासून ती साध्या संगणकावरही आली. व्हीपीएन हे वेगळं काम करतं. ते सार्वजनिक इंटरनेटमधून तुमच्या घरापासून ऑफिसपर्यंत एक बंद, सांकेतिक वाट काढतं. आपल्याला ही कल्पना परकी वाटू नये. आपल्या शहरातली मलिक अंबरची जुनी नहर जमिनीखालून येते, वर चालणाऱ्याला दिसत नाही, आणि वाटेत ठिकठिकाणी बुरूज ठेवलेले आहेत. शेवटच्या हौदात पाणी आलं नाही तर अख्खी नहर उकरत नाहीत. कुठल्या बुरुजापर्यंत पाणी आहे आणि कुठल्यापासून नाही, एवढंच पाहतात.

आपल्या वाटेतले बुरूज चार आहेत: घरचं इंटरनेट, व्हीपीएन, ऑफिसचं जाळं आणि ऑफिसातला तो संगणक. एखादी साधी वेबसाइट उघडते का? व्हीपीएन "कनेक्टेड" म्हणतं का? ऑफिसातला सर्व्हर त्याच्या आकडी पत्त्यावर सापडतो का? आणि त्याचा 3389 क्रमांकाचा पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचा ठरलेला दरवाजा, उत्तर देतो का? हे शेवटचं विंडोजच्या पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञा देऊन कळतं. नुसत्या पिंगवर, म्हणजे संगणकाला मारलेल्या साध्या हाकेवर, विसंबू नका, कारण पिंगला उत्तर न देण्याची व्यवस्था अनेक ऑफिसांत मुद्दाम केलेली असते.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. "पासवर्ड चुकीचा आहे" असा निरोप आला की माणूस वैतागतो. खरं तर तो चांगला निरोप आहे. तुमची हाक पार ऑफिसच्या संगणकापर्यंत पोचली आणि उत्तर परत आलं, म्हणजे सगळी वाट मोकळी आहे. आता फक्त नाव, डोमेन आणि पासवर्ड बघायचे. "संगणक सापडला नाही" हा निरोप मात्र वाटेतल्या बिघाडाचा. हे दोन निरोप वेगळे ओळखता आले की निम्मं काम होतं.

आता माझ्या मते आपल्याकडे सर्वांत जास्त छळणारा आणि सर्वांत कमी ओळखला जाणारा बिघाड सांगतो. व्हीपीएन लागतं, हिरवी खूण दिसते, तरी सर्व्हर सापडत नाही. तोच लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घेतला की लगेच चालतं. लोक म्हणतात, ब्रॉडबँड वाईट आहे. ब्रॉडबँडचा काही दोष नसतो. खासगी जाळ्यांसाठी कुणीही वापरावेत असे काही पत्ते 1996 मध्ये आरएफसी 1918 या दस्तऐवजाने राखून ठेवले. 192.168 ने सुरू होणारे पत्ते त्यातलेच. राउटर बनवणाऱ्या कंपन्या कारखान्यातूनच बहुधा 192.168.0 किंवा 192.168.1 ही मालिका घालून पाठवतात. ती घरी तशीच राहते, आणि ज्याने घाईत ऑफिसचं जाळं उभं केलं त्यानेही ती तशीच ठेवलेली असते. मग सर्व्हर 192.168.1.10 वर आहे म्हटल्यावर तुमच्या लॅपटॉपला वाटतं, हा तर आपल्याच घरातला पत्ता. तो व्हीपीएनच्या वाटेला जातच नाही, तुमच्या घरात सर्व्हर शोधत बसतो. हॉटस्पॉटची मालिका बहुतेक वेळा वेगळी असते, म्हणून तिथे चालतं.

उपाय दोन. घरच्या राउटरची मालिका बदलणं हे एका घरापुरतं. पण वीस माणसं घरून काम करत असतील तर वीस राउटर बदलायला सांगणं अन्यायाचं आहे. ऑफिसने एकदाच आपली मालिका बदलून 10 ने सुरू होणारी, सहसा कुणी न वापरणारी एखादी घ्यावी. एका रविवारचं काम आहे. ते टाळून वर्षानुवर्षं कर्मचाऱ्यांच्या ब्रॉडबँडला नावं ठेवली जातात, याचा मला राग येतो.

दुसरा असाच फसवा बिघाड काळ्या पडद्याचा. नाव दिलं, पासवर्ड स्वीकारला गेला, आणि पुढे पडदा काळाच. इंटरनेटवरचा मजकूर पॅकेटांत जातो. एका पॅकेटची नेहमीची कमाल मर्यादा 1500 बाइट. ब्रॉडबँड पीपीपीओई पद्धतीने जोडलेलं असेल तर त्यातले 8 बाइट तिथेच जातात, उरतात 1492. त्यावर व्हीपीएन स्वतःचं सांकेतिक वेष्टन चढवतं, त्यालाही जागा लागते. म्हणून वायरगार्ड हे व्हीपीएन आपली मर्यादा मुळातच 1420 धरतं. पॅकेट मोठं झालं तर वाटेतल्या राउटरने "हे मावत नाही, लहान करून पाठव" असा निरोप परत द्यायचा असतो. पण कुणीतरी सुरक्षिततेच्या नावाखाली असे निरोपच अडवून ठेवलेले असतात. मग नाव आणि पासवर्डाची लहान पॅकेटं पार होतात, पडद्याच्या चित्राची मोठी पॅकेटं वाटेत गळतात, आणि ती गळाली हे कुणालाच कळत नाही.

याची परीक्षा सोपी आहे. व्हीपीएन चालू असताना, तुकडे न करण्याच्या अटीवर, सर्व्हरला 1472 बाइटांचं पिंग पाठवा. त्यात 28 बाइटांचं शीर्षक धरलं की 1500 होतात. वेष्टनामुळे ते जाणार नाहीच, म्हणून आकडा कमी करत जा आणि कुठे उत्तर मिळतं ते पाहा. त्यात 28 मिळवले की तुमची खरी मर्यादा मिळते, तीच व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये घाला. सर्व्हर पिंगला उत्तर देत नसेल तर थेट 1300 घालून बघा.

काही कारणं इतकी साधी आहेत की ती शेवटी आठवतात. ऑफिसातला संगणक झोपलेला असतो, कारण वीज वाचवण्याची सेटिंग कुणी बदललेली नसते. किंवा रात्री लाइट गेली, सकाळी आली, आणि संगणक आपणहून सुरू झाला नाही. बायोसमध्ये वीज परत आल्यावर सुरू होण्याची सोय असते, ती चालू करून ठेवावी. घरीही तेच: लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण फायबरचा डबा आणि राउटर लाइटीबरोबर जातात. त्यांच्यासाठी लहान बॅकअप मिळतो, तो घ्यावा. विंडोजची होम आवृत्ती दुसऱ्या संगणकावर जाऊ शकते, स्वतःवर कुणाला येऊ देत नाही. म्हणून नवा स्वस्त संगणक ऑफिसात ठेवला आणि त्या दिवसापासून रिमोट बंद पडलं, असं होतं. जुन्या मशीनचा मदरबोर्डवरचा सेल संपला की तारीख मागे जाते. मग प्रमाणपत्र तपासणारं व्हीपीएन त्याला दारातच अडवतं, आणि डोमेनच्या जाळ्यात पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला तरी ओळख तपासणारी कर्बेरॉस ही व्यवस्था प्रवेश नाकारते.

पासवर्डाची मुदत संपणं हाही एक चकवा आहे. नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन, म्हणजे आत घेण्याआधीच ओळख तपासण्याची सोय, चालू असेल तर मुदत संपलेला पासवर्ड घेऊन तुम्ही आत जाऊ शकत नाही, आणि आत गेल्याशिवाय तो बदलता येत नाही. घरून काम करणाऱ्यांना तो बाहेरूनच बदलता येईल अशी सोय ऑफिसने द्यायला हवी.

कधी कधी चूक तुमचीही नसते आणि ऑफिसचीही नसते. मे 2018 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षा अपडेटनंतर जगभर रिमोट डेस्कटॉपच्या ओळख-तपासणीची, क्रेडएसएसपीची, चूक दिसू लागली. एका बाजूने अपडेट घेतलं होतं, दुसरीने नाही, म्हणून नव्या संगणकाने जुन्याशी बोलायला नकार दिला. खरा उपाय दोन्हीकडे अपडेट घेणं हा होता. अनेकांनी मात्र तपासणीच शिथिल केली, आणि ती परत घट्ट करायचं राहून गेलं.

चालतं पण रेंगाळतं, याचं उत्तर बहुधा अंतरात असतं. फायबरमधून प्रकाशाला हजार किलोमीटरला सुमारे पाच मिलिसेकंद लागतात. पुण्याला जाऊन यायला हा वेळ नगण्य आहे. पण कंपनीचं व्हीपीएन युरोपातून फिरून येत असेल तर प्रत्येक कळ शंभराहून अधिक मिलिसेकंदांनी उमटते, आणि त्यावर तुम्ही घेतलेल्या महागड्या प्लॅनचा काही उपयोग नाही. ऑफिसपुरतं व्हीपीएनमधून आणि बाकीचं थेट, अशी विभागणी मिळू शकते का ते विचारावं.

मराठीत काम करणाऱ्यांचं दुखणं वेगळंच, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. घरच्या लॅपटॉपवर फोनेटिक मराठी सुरू आहे, तरी रिमोटच्या खिडकीत इंग्रजी अक्षरं उमटतात. कारण तिकडे अक्षर जात नाही, कोणती कळ दाबली एवढंच जातं. मराठीची व्यवस्था ऑफिसच्या संगणकावर हवी. तिथे इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक कळफलक एकदा बसवला आणि घरचा इंग्रजीवर ठेवला की प्रश्न मिटतो.

आता ज्यासाठी मी मुख्यतः इथे उभा आहे ते. इतकं सगळं शोधायचा कंटाळा येतो आणि कुणीतरी म्हणतं, "व्हीपीएनची कटकट सोडा, राउटरमध्ये 3389 उघडून देतो, थेट लागेल." लागतंही, पाच मिनिटांत, आणि त्या माणसाचे सगळे आभार मानतात. पण आता तुमच्या ऑफिसचा दरवाजा साऱ्या जगासमोर आहे. उघडे 3389 शोधत फिरणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात. ते असा संगणक शोधतात आणि हजारो पासवर्ड घालून बघतात. धर्मा, क्रायसिस या नावांची खंडणीखोर सॉफ्टवेअर मोठ्या प्रमाणावर याच वाटेने आत शिरली. मे 2019 मध्ये ब्लूकीप नावाची त्रुटी उघड झाली, तिला तर पासवर्डही लागत नव्हता. ती इतकी गंभीर होती की जिची देखभाल कधीच थांबवली होती त्या एक्सपीसाठीसुद्धा मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती काढली. पोर्टचा आकडा बदलून ठेवला की झालं, असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका, कारण शोधणारे सगळेच आकडे तपासतात.

सीएच्या सर्व्हरवर शेकडो दुकानदारांचे हिशेब, पॅन, बँकेचे तपशील असतात. छावणीतल्या गुरुवारच्या बाजारात गाळा लावणाऱ्या माणसाचाही जीएसटीचा हिशेब त्यात असू शकतो. त्याला विचारून कुणी तो दरवाजा उघडलेला नसतो. आणि केंद्राच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार घुसखोरीची घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. लहान कार्यालय म्हणून त्यातून सुटका नाही.

तेव्हा ऑफिसला फोन कराल तेव्हा "चालत नाही" एवढंच सांगू नका. पडद्यावरचा निरोप शब्दशः वाचून दाखवा. व्हीपीएन लागलं का, हॉटस्पॉटवर फरक पडतो का, घरचा पत्ता कोणत्या मालिकेतला आहे, कालपासून काय बदललं, आणि घरून काम करणाऱ्या दुसऱ्या सहकाऱ्याचं चालतं का, हे सांगा. पलीकडच्या माणसाने तरीही राउटर बंद-चालू करायला सांगितलं, तर त्याला नम्रपणे विचारा की यातला कोणता बुरूज त्याने तपासला. आणि तो पोर्ट उघडून देतो म्हणाला, तर नाही म्हणा, आणि ते लेखी कळवा.