अन्न आणि मान

दुष्काळ माणसाच्या तोंडचें अन्न तर काढून घेतोच. पण त्याहून मोठी हानि अशी कीं, तो त्याचा मानही हिरावून घेतो. अन्न परत मिळतें. मान कसा मिळावा? पंडिता रमाबाईंचें चरित्र हें या प्रश्नाचें एक उत्तर आहे.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान् पुराणिक. परंतु १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यांतील दुष्काळानें त्यांचें कुटुंब देशोधडीस लागलें. वडील, आई आणि थोरली बहीण एकामागून एक निघून गेलीं. आई अंथरुणाला खिळली असतां रमाबाई शेजारच्या घरीं भाकरी मागावयास गेल्या. पण शब्द ओठांबाहेर पडेना. पुढें बंधूंसह देशभर पायीं हिंडतांना झेलम नदीच्या कांठीं थंडीपासून बचावण्यासाठीं दोघांनीं वाळूंत थडग्यासारखे खड्डे खणले व त्यांत गळ्यापर्यंत अंग पुरून घेतलें. १८८० सालीं बंधु वारले. १८८२ सालीं पटकीनें पतीही गेले. रमाबाईंची चोविशीही तेव्हां पुरी झाली नव्हती, आणि कडेवर तान्ही मनोरमा होती.

१८८३ सालीं त्या इंग्लंडला गेल्या. तेथें ख्रिस्ती भगिनींनीं समाजानें टाकलेल्या स्त्रियांसाठीं चालविलेलें एक घर त्यांनीं पाहिलें. त्या स्त्रियांशीं कोणीही तुच्छतेनें वागत नव्हतें. असें कां, या प्रश्नाच्या उत्तरादाखल त्यांना शुभवर्तमानांतील शोमरोनी स्त्रीची कथा दाखविण्यांत आली. जिचें आयुष्य कलंकित मानलें गेलें होतें, तिच्याकडे ख्रिस्तानें विहिरीवर पाणी मागितलें. ज्याच्याकडे मागितलें जातें, त्याच्यापाशीं देण्याजोगें कांहीं आहे असें मानलें जातें; या कथेंतील मान तो हाच. त्याच वर्षीं रमाबाईंनीं बाप्तिस्मा घेतला. त्यामुळें स्वदेशीं त्यांच्यावर टीकेची झोड उठली. आणि अंतःकरणाला खरी शांति लाभण्यास तर आणखी आठ वर्षें लागलीं, असें त्यांनींच लिहून ठेविलें आहे.

१८९६ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला, तेव्हां त्या घरीं बसून राहिल्या नाहींत. तेथून त्यांनीं शेंकडों अनाथ मुली व विधवा आणल्या, आणि पुण्याजवळ केडगांव येथें मुक्तिसदन उभें राहिलें. तेथें नुसतें अन्नछत्र नव्हतें. मुली लिहावयास शिकल्या, माग चालवूं लागल्या, शेती व दूधदुभतें पाहूं लागल्या, आणि छापखान्यांत खिळे जुळवूं लागल्या. रमाबाईंनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेलें बायबलाचें मराठी भाषांतर याच छापखान्यांत छापलें गेलें. एके काळीं भिकेसाठीं पसरलेले हात आतां इतरांस देऊं लागले होते.

श्रद्धेनें रमाबाईंचें दुःख संपलें नाहीं. १९२१ सालीं एकुलती एक मनोरमाही आईच्या आधीं गेली. तरी लेखणी थांबली नाहीं. भाषांतर पुरें करून ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईंनीं देह ठेविला.