भाजीची आगाऊ मागणी

(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला चार शब्द बोलावयास सांगितले. मी म्हटले, सातवी शिकलेली बाई मी, काय बोलणार? त्या म्हणाल्या, "भाजीवर बोला, रोज आणताच ना!" तेव्हा भाजीवरच बोलते.

आपण डोंबिवलीकर. मुरबाड, शहापूर हे तालुके आपल्या जवळचे. भाताची कापणी झाली की तेथले शेतकरी भेंडी लावतात. ती भेंडी परदेशीही जाते. आपल्या पिशवीत मात्र जून भेंडी पडते. आडत्या, घाऊक बाजार, किरकोळ विक्रेता असे मुक्काम करीत भाजी आपल्या दारी येते. मेथी-पालकाचे तर विचारूच नका. उन्हात व शिळेपणी पालेभाजीतले क जीवनसत्त्व कमी होत जाते. पैसे पुरते मोजावयाचे, सत्त्व वाटेवर सांडलेले!

यात भाजीवाल्याला बोल लावण्यात अर्थ नाही. आज किती गिऱ्हाईक येईल हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नसते. उरलेल्या मालावर पाणी मारून तो दुसऱ्या दिवशी विकतो. न खपेल तो फेकतो, आणि फेकलेल्याची किंमत आपल्याच जुडीवर चढते.

माझी मुलगी मला फोनवरून काय काय वाचून दाखविते. त्यात जपानी गृहिणींची हकीकत ऐकली. १९६५ साली टोकियोच्या सेतागाया भागात सुमारे २०० बायका एकत्र आल्या आणि स्वस्त पडावे म्हणून ३०० बाटल्या दूध एकदम मागवू लागल्या. १९६८ साली त्यातून रीतसर ग्राहक सहकारी संस्था झाली. नाव सेइकात्सु क्लब. शेजारच्या सात-आठ घरांचा एक गट, त्याला त्या 'हान' म्हणत. गटाने मागणी आगाऊ नोंदवावयाची, माल एका घरी उतरावयाचा, तेथेच वाटून घ्यावयाचा. पुढे तांदूळ, भाजी, अंडीही अशीच येऊ लागली. दूधवाल्या शेतकऱ्यांशी भागी करून त्यांनी डेअरीसुद्धा उभारली.

मला त्यातली स्वस्ताई आवडली असे नव्हे. काही वेळा त्यांचा माल बाजारापेक्षा महागही असतो म्हणे. आवडले ते आगाऊ सांगणे. सहकारी दुकान आपल्याला नवे नाही. नायगावात अपना बाजार १९४८ साली निघाले. पण डाळ-तांदूळ फळीवर टिकतात, भाजी टिकत नाही. ती किती खपणार हे तोडणीच्या आधी कळले, तरच ताजी मिळावयाची.

म्हणून आपल्या मंडळाने दहा-दहा घरांचे गट करावेत, थोडे भागभांडवल जमवावे आणि जवळच्या गावच्या शेतकऱ्यांकडून आठवड्यातून दोनदा भाजी आणवावी, असे मी सुचविते. भाव दोघांनी बसून ठरवावा, हिशेबाची वही सर्वांना उघडी असावी. कोणी विचारले, कायद्याची आडकाठी येईल का? २०१६ साली आपल्या राज्यात फळे-भाजीपाला बाजार समितीबाहेर थेट विकण्यास मोकळीक मिळाली आहे.

अडचण कायद्याची नाही, आपली आहे. टोमॅटो निवडून घेतल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. शिवाय ज्या आठवड्यात बाजारात टोमॅटो कवडीमोलाने मिळतील, त्या आठवड्यात गटाची टोपली कोण उचलणार? आपण पाठ फिरविली तर तोडलेला माल त्या शेतकरणीच्या गळ्यात पडेल, आणि पुढच्या खेपेस ती आपल्या दारी कशाला येईल? ज्यांना हे जमणार नाही त्यांनी नाव देऊ नये. पंधरा घरे निघाली तरी चालतील, पण पक्की हवीत.

पावसाळ्यात टोपलीत टाकळा, करटोली, शेवळेही येतील. नव्या सुनांनी नाके मुरडू नयेत! शेवळे खाजतात, त्यांत काकडे किंवा चिंच घालावी लागते. ते शिकवावयास आम्ही आहोतच.

वही खजिनदारबाईंकडे ठेवली आहे. नावापुढे घरात माणसे किती आणि कोणती भाजी मुळीच खात नाहीत, तेवढे लिहावे. पहिली टोपली कोणाच्या घरी उतरवावयाची, ते चहानंतर ठरवू.