मोटारसायकल निघण्यापूर्वी

गोव्यात मोटारसायकल हे घरचे वाहन तर आहेच, पण ते भाड्याचेही वाहन आहे. पिवळ्या मडगार्डाची गाडी घेऊन बसस्थानकाजवळ उभा राहणारा ‘पायलट’ इथल्या लोकांच्या इतक्या परिचयाचा आहे, की परगावचा पाहुणा त्याच्याकडे कौतुकाने पाहू लागला म्हणजे स्थानिक माणसाला त्या कौतुकाचेच नवल वाटते. म्हापशाच्या बाजारातून एखादी बाई पिशवी घेऊन येते, गावाचे नाव सांगते आणि पदर सावरून मागे बसते. भाड्याविषयी ती घासाघीस करील; पण टायर झिजला आहे काय, ब्रेक लागतो काय, हे ती विचारीत नाही. मागे बसणाऱ्याच्या हाती ना मूठ असते, ना ब्रेक. चालवणाऱ्याची नजर गाडीवरून एकदा तरी फिरली असेल, असे ती गृहीत धरते.

ही नजर अलीकडे फिरेनाशी झाली आहे. राजदूत, येझदी किंवा जुनी बुलेट चालवणाऱ्याला सकाळी यंत्राशी थोडी झटापट करावीच लागे. पेट्रोलचा कॉक उघडायचा, चोक ओढायचा, चार किका मारायच्या. तेवढ्या वेळात जमिनीवर गळलेले तेल, लोंबणारी चेन, हवा गेलेले चाक आपोआप दृष्टीस पडे. आजची गाडी बटण दाबताच सुरू होते. ही सुधारणा चांगलीच. मात्र गाडीभोवती एक फेरी मारण्याची सवय तिच्याबरोबर नाहीशी झाली. दसऱ्याला झेंडूची माळ घालण्यापूर्वी जो गाडी स्वतः धुतो, तो वर्षातून एकदा तरी ती नीट पाहतो, कारण फडके घेतलेला हात प्रत्येक नटापर्यंत पोहोचतो. रोज निघताना कोणी क्रूसाची खूण करतो, कोणी हँडलला हात लावून कपाळाला लावतो. ते अवश्य करावे. पण त्यानंतर थोडे वाकूनही पाहावे.

वाकल्यावर प्रथम टायर पाहावे. अवघी मोटारसायकल रस्त्याला टेकते ती तळहाताएवढ्या दोन जागांवर. हवा मोजायची ती चाक थंड असताना; गाडी धावून आली की टायर तापतो, आतली हवा फुगते आणि काटा खोटे समाधान देतो. मागे माणूस बसणार असेल तर मागच्या चाकात हवा अधिक लागते, आणि किती ते गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत दिलेले असते. टायरच्या खाचांच्या तळाशी ठिकठिकाणी लहानसे उंचवटे असतात. वरचे रबर झिजून त्यांच्या पातळीला आले, की तो टायर संपला असे समजावे. खाचांचे काम पाणी बाहेर फेकण्याचे. पावसाळ्यात डांबरावर तांबड्या मातीचा पातळ थर येतो, फेरीबोटीच्या धक्क्यावर शेवाळे धरते. तेथे गुळगुळीत टायर माणसाला दुसरी संधी देत नाही.

ब्रेकचा विचार करताना एक हिशेब ध्यानात ठेवावा. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. ब्रेकची दांडी दाबल्यावर स्पंजासारखी मऊ लागली तर तेलात हवा शिरली असण्याचा संभव असतो. तारेच्या ब्रेकची दांडी मुठीपर्यंत आली तर तार ताणून घेण्याची वेळ झालेली असते. हँडलवरच्या लहान डबीतील ब्रेकचे तेल खुणेखाली उतरले असेल, तर एक तर पॅड झिजले आहेत किंवा कोठे तरी गळती आहे. नुसते तेल भरून हे कारण झाकू नये. मग दहा पावले गाडी हळू चालवून दोन्ही ब्रेक निरनिराळे लावून पाहावेत. रस्त्यात खोल पाण्यातून जावे लागले, तर पुढे दोन-तीनदा हलकेच ब्रेक दाबून ते सुकवावेत. मागचा लाल दिवा पाहण्यास सोबती नको; भिंतीकडे पाठ करून गाडी उभी केली की त्याचा उजेड भिंतीवर दिसतो.

बाकीचे काम लवकर आटोपते. मूठ पिळून सोडली की ती आपण होऊन मागे यावी. गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवावे. तसे करताना इंजिनाचा आवाज चढला तर तार अडकते आहे असे समजावे. चेन तपासायची ती मात्र इंजिन बंद करूनच. चालू गाडीत चेनला हात लावून बोट गमावणे सोपे आहे. इंजिनाचे तेल गाडी सरळ उभी करून पाहावे, तिरक्या स्टँडवर नव्हे.

आता मागची बैठक. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये १२३ क्रमांकाचा नियम केवळ मागे बसणाऱ्यासाठी आहे. धरण्यास पक्की कडी, पाय ठेवण्यास आधार, आणि कपडे चाकात गुंतू नयेत म्हणून निम्म्याहून कमी नाही इतके मागचे चाक झाकणारे आवरण, एवढे त्याने सांगितले आहे. हीच ती साडीची जाळी. पुष्कळ तरुण ती शोभा बिघडवते म्हणून काढून टाकतात, आणि मग एखाद्या दिवशी आईला किंवा बहिणीला मागे बसवून निघतात. पदर किंवा ओढणी आऱ्यांत गेली, की काय झाले हे चालवणाऱ्याला कळण्यापूर्वीच मागची व्यक्ती खाली ओढली जाते. जाळी काढलेल्या गाडीवर साडी नेसलेल्या स्त्रीस बसवू नये, मग गाव कितीही जवळचे असो.

जाणता पायलट दुसरे हेल्मेट हँडलला अडकवूनच उभा असतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने ते मागे बसणाऱ्यालाही सक्तीचे केले आहे. बाई बसली की तो हेल्मेट तिच्या हाती देतो, हनुवटीखालचा पट्टा लावायला सांगतो, पदर कमरेला खोवून घेतला आहे काय ते वळून पाहतो, तिरके स्टँड पायाने वर घेतो आणि मग गिअर टाकतो.