तेरा हजार किलोमीटर म्हणजे किती तास?

आज जरा घरचंच बोलतो.

मागच्या नोव्हेंबरात मूर्तिजापूरला आमचे आबा गेले. रात्रीचे दोन वाजले होते. ताई सॅन फ्रान्सिस्कोला. घरात पहिला प्रश्न, "पोरगी कवा येते?" मी इंजिनिअर, म्हणून सगळे माझ्याकडे पाहायला लागले.

मी लॅपटॉप उघडला. हॅवरसाइन नावाचं सूत्र आहे. दोन गावांचे अक्षांश-रेखांश आणि पृथ्वीची 6,371 किलोमीटर त्रिज्या दिली की गोलावरचं सर्वांत कमी अंतर निघतं. मूर्तिजापूर ते सॅन फ्रान्सिस्को आलं सुमारे 13,200 किलोमीटर. विमानाचा वेग ताशी 900 धरला. म्हणजे पंधरा तास. मी सांगून मोकळा झालो, "संध्याकाळी पाचपर्यंत थांबू."

आबा शकुंतलेवर नोकरीला होते. अचलपूर किती दूर, असं विचारलं तर ते कधी 76 किलोमीटर म्हणाले नाहीत. "चार तास," म्हणायचे. मला हे तेव्हा आठवायला पाहिजे होतं.

ताईला विमान मिळालं तिथल्या रात्री आठचं, म्हणजे आपल्याकडचे सकाळचे साडेनऊ. पुढे दिल्लीपर्यंत सोळा तास, मग नागपूरचं विमान, मग गाडीनं अमरावतीवरून मूर्तिजापूर. माझ्या पंधरा तासांत यातलं काहीच नव्हतं.

पाच वाजले. आजीनं विचारलं, "कुठंशी हाय ते?" मी मोबाईलवर विमान दाखवलं. निम्मी वाटही झाली नव्हती. नकाशा पाहून आजी म्हणाली, "हे इतकं वरून काहून येते रे? भटकलं का काय?"

मी कोनाड्यातलं संत्र घेतलं. त्यावर दोन खुणा केल्या, मधून दोरा ताणला. दोरा मधोमध न जाता देठाकडून गेला. सपाट कागदावर जो वळसा दिसतो, तोच गोलावर जवळचा रस्ता असतो. 2021 च्या जानेवारीत एअर इंडियाच्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला विमान आणलं, ते असंच उत्तर ध्रुवावरून. जवळपास 14,000 किलोमीटर. आजीनं सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "मंग आज नाही पोचत ना ते?"

मी नाही म्हणालो. ती उठली आणि काकाला म्हणाली, "न्या आता."

ताई दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली. राख सावडायला होती. त्याआधी ती आजीजवळ बसली, दोघी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग आजीनं तेच संत्र तिच्या हातात दिलं. "कुठून आली तू, दाखव मले."

ताईनं देठाकडून बोट फिरवलं. आजी म्हणाली, "हां, याने सांगतलं मले. फक्त तास चुकला."