कापराची नळी आणि विजेचा चिमटा

वाशी-नेरूळच्या घरांत आरतीला जो कापूर पेटतो, तोच खाडीपलीकडे पवईच्या आय. आय. टी. मध्यें महेश्वर शेरॉन यांनी कार्बनच्या अतिसूक्ष्म वस्तू घडविण्यास वापरला. कापरापासून कार्बनच्या पोकळ नळ्याही करतां येतात. त्यांतील बारीक नळी जाडीला मिलिमीटरच्या सुमारें दशलक्षांश भागाएवढी! ती धातूच्या दोन टोकांमधील फटींत नेमकी बसवावयाची कशी? तेथें सोनाराचा चिमटाही हात टेकील.

येथें विद्युत्‌क्षेत्र मदतीस येतें. नळ्या द्रवांत विखरून त्याचा थेंब टोकांवर सोडावयाचा आणि सेकंदाला लाखों वेळां दिशा पालटणारा विद्युद्दाब द्यावयाचा. नळीच्या दोन्ही अंगांस विरुद्ध भार उमटतात. ती क्षेत्राच्या दिशेनें वळते आणि जेथें क्षेत्र तीव्र, त्या फटीकडे ओढली जाते. ह्या ओढीचें शास्त्रीय नांव डायइलेक्ट्रोफोरेसिस. नांव मात्र वस्तूहून अवजड खरें! २००७ मध्यें अरविंद विजयराघवन, राल्फ क्रुप्के व त्यांचे सहकारी यांनी दाखविलें, कीं एक नळी बसतांच तेथील क्षेत्र पालटतें व दुसरीस वाव उरत नाहीं. अशा रीतीनें एका चौरस सेंटिमीटरांत लाखों साधनें जुळवितां येतात.

अडचण निराळीच आहे. सुमारें एकतृतीयांश नळ्या धातूसारख्या वीज वाहतात, बाकीच्या अर्धवाहक. ट्रॅन्झिस्टरला अर्धवाहकच हव्या. परंतु दाब सेकंदाला एक कोटी फेऱ्यांचा असला, कीं धातुवत् नळ्या टोकांना चिकटतात आणि अर्धवाहक द्रवांतच राहतात, असें क्रुप्के यांना २००३ मध्यें आढळलें होतें. म्हणून नळ्या आधीं निवडून घेतात व मगच थेंब सोडतात.