लहान मुलांची पंगत

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय शोधण्याचे कष्ट पडले नाहीत. आमची सारी नोकरी याच जिल्ह्यातील प्राथमिक शाळांत झाली. तेव्हा जे बोलावयाचे ते लहान मुलांविषयीच. दूरचित्रवाणीने एके काळी लहान मुलांसाठी वेगळी पंगत मांडली होती. ती हळूहळू मोठ्या मुलांकडे कशी सरकली, आणि त्या सरकण्यात आपलाही हात कसा लागला, एवढेच आज सांगावयाचे आहे.

आपल्याकडे लग्नकार्यात मुलांची पंगत आधी बसविण्याची चाल आहे. त्यामागे नुसते कौतुक नाही, विचार आहे. लहान मूल भुकेले थांबू शकत नाही, आणि मोठ्यांच्या पंगतीत त्याच्या पानाकडे कोणाचे लक्ष जात नाही.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यावरील 'किलबिल' हा मुलांचा कार्यक्रम आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. पुढे इन्सॅट उपग्रहाच्या साहाय्याने शालेय कार्यक्रम सुरू झाले, आणि १९८४ साली पुण्यास 'बालचित्रवाणी' ही संस्था स्थापन झाली. या शालेय कार्यक्रमांच्या योजनेत मुलांचे दोन गट मानलेले होते : पाच ते आठ वर्षे आणि नऊ ते अकरा वर्षे. या विभागणीचे मोल शिक्षकास सांगावे लागत नाही. सहा वर्षांच्या मुलास तीच गोष्ट दहा वेळा ऐकावीशी वाटते. दहा वर्षांच्या मुलास पुढे काय झाले ते हवे असते. दोघांचे पान एक नव्हे.

त्यानंतर खाजगी वाहिन्या आल्या. १९९५ साली 'कार्टून नेटवर्क', १९९९ साली 'निकलोडियन', आणि २००४ या एकाच वर्षी 'पोगो', 'हंगामा' व 'डिस्ने' अशा तीन. मुलांना चोवीस तास चित्रे मिळू लागली. परंतु या वाहिन्या जाहिरातींवर चालतात, आणि जाहिरातीचा दर प्रेक्षकांच्या मोजणीवर ठरतो. त्या मोजणीत चार ते चौदा, आणि पुढे दोन ते चौदा, या वयाची सारी मुले एकाच गटात धरली गेली! आम्ही द्विशिक्षकी शाळेत चार इयत्ता एकत्र शिकविल्या आहेत. पण अंगणवाडी आणि नववी एका सतरंजीवर बसविण्याचा प्रसंग आमच्यावरही आला नाही.

अशा गटात पुढारीपण कोणाकडे जाणार? ज्याच्या हाती रिमोट त्याच्याकडे. ज्या घरी एकच संच, तेथे थोरला जे लावील ते धाकटा मुकाट्याने पाहतो. धाकट्याचे मात्र थोरला पाहत नाही. 'हे बाळांचे आहे' म्हणून हिणवतो. व्यापाऱ्याने हे ओळखले. थोरल्याला धरले की धाकटा आपोआप मिळतो, मग धाकट्यासाठी वेगळा खर्च कशाला?

त्याचे परिणाम वाहिन्यांच्या नावांतूनही दिसतात. 'टून डिस्ने' ही वाहिनी २००९ साली 'डिस्ने एक्सडी' झाली, २०१९ साली 'मार्व्हल एचक्यू' झाली आणि २०२२ साली 'सुपर हंगामा' झाली. २०११ साली मुख्य 'डिस्ने' वाहिनीवर चित्रांऐवजी 'बेस्ट ऑफ लक निकी' यांसारख्या नटनट्यांच्या मालिका आल्या, आणि त्याच वर्षी मारामारीच्या साहसकथा घेऊन 'सोनिक' ही नवी वाहिनी निघाली. अमेरिकेत ही वाट आधीच मळलेली होती. तेथे डिस्नेने २००१ साली 'लिझी मॅग्वायर' आणि २००६ साली 'हॅना मोंटाना' या कुमारवयीन मुलींच्या मालिका लोकप्रिय केल्या होत्या. आपल्याकडे २०१२ साली चिमुकल्यांसाठी 'निक ज्युनिअर' निघाली खरी. पण त्याच वाहिनीच्या वेळेतून 'टीन निक' या नावाने किशोरांना वाटा काढून दिलेला होता.

येथे न्यायाने बोलले पाहिजे. २००८ सालचा 'छोटा भीम' आणि २०१२ सालचे 'मोटू पतलू' यांनी लहान मुलांनाही रिझविले. पुढे थोरली मुले मोबाइलकडे वळली, तेव्हा वाहिन्यांनाही पुन्हा हसऱ्या चित्रकथांची आठवण झाली. परंतु अगदी लहानग्यांसाठी काढलेला 'माइटी लिटिल भीम' २०१९ साली आला तो 'नेटफ्लिक्स'वर, म्हणजे वर्गणी भरणाऱ्याच्या घरी. आणि त्यात संवादच नाहीत. जगभर विकावयाचे तर भाषेची अडचण नको, हा हिशेब आम्हांस कळतो. पण ज्या वयात मूल शब्दांसाठी आसुसलेले असते, त्याच वयाच्या पानातून शब्द गेले, हे शिक्षकास कसे रुचावे? आणि मराठी शब्द देणारी आपली 'बालचित्रवाणी' तर २०१७ साली बंदच झाली.

मनात आणल्यास काय होते, तेही आपण पाहिले आहे. २०२० साली करोनाने शाळा बंद पडल्या, तेव्हा सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका आली आणि पहिलीपासून आठवीपर्यंत प्रत्येक इयत्तेस स्वतंत्र पाठ मिळाला. पंगत पुन्हा मांडता येते; मांडणारा हवा.

आता आमचा स्वतःचा अपराध सांगतो. आम्ही मुख्याध्यापक असताना शाळेस एक दूरचित्रवाणी संच मिळाला. चोरीला गेला तर भरून कोण देणार, या भीतीने आम्ही तो कपाटात घालून कुलूप लावले. कधी बाहेर काढला तर चौथीच्या शिष्यवृत्तीच्या मुलांसाठी. कारण ती मुले गुणवत्ता यादीत आली तर शाळेचे नाव निघणार होते. कार्यक्रम पुष्कळदा पाच ते आठ वर्षांच्या मुलांचा असे, आणि नेमकी तीच मुले आम्ही ओसरीवर पाढे म्हणावयास बसविलेली असत. एकदा पहिलीतील एक मुलगी खिडकीच्या गजांना धरून, टाचा उंचावून आत पाहत होती. आम्ही तिला दटावून जागेवर बसविले. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. शिष्यवृत्ती मिळविलेल्या मुलांची नावे आता आठवत नाहीत, पण ते गज धरलेले दोन हात आठवतात. व्यापाऱ्याने पैशासाठी जे केले, तेच आम्ही नावासाठी केले होते.

ज्ञातिबांधवहो, राग नसावा. पण आपले मंडळ तरी याहून वेगळे काय करते? आपला गुणगौरव दहावीपासून सुरू होतो. स्मरणिकेत छायाचित्रे येतात ती दहावी-बारावीच्या यशवंतांची. त्यांचे कौतुक झालेच पाहिजे. परंतु याच सभागृहात मागच्या रांगांकडे पाहा. भाषणे चालू असताना गडबड नको म्हणून किती चिमुकल्यांच्या हाती आपण मोबाइल दिला आहे! त्यांची पंगत येथेही मांडलेली नाही.

म्हणून तीन नम्र सूचना करतो. पहिली, मंडळाच्या प्रत्येक बैठकीच्या दिवशी शेजारच्या खोलीत आठ वर्षांखालील मुलांसाठी एक तास गोष्टींचा ठेवावा. गोष्टी आपल्या आजीबाईंनी आपल्या बोलीत सांगाव्यात. दुसरी, पुढील वर्षापासून पहिली-दुसरीच्या मुलांना प्रकट वाचनाचे आणि गोष्ट सांगण्याचे बक्षीस द्यावे. तिसरी घरासाठी आहे. दोन ते चार वर्षांच्या मुलांनी पडद्यासमोर दिवसात एका तासाहून अधिक बसू नये, आणि त्याहूनही कमी असेल तर उत्तम, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे. तो वेळही मुलास एकटे सोडू नये. शेजारी बसावे, आणि पडदा मिटल्यावर विचारावे, "बाळ, काय झाले रे गोष्टीत?" मूल जे उत्तर देते, तेथे त्याची भाषा तयार होते.

गोष्टींच्या तासाचे पहिले वर्ष आम्ही स्वतः सांभाळू. आम्हांवर त्या खिडकीचे देणे आहे.



जय हिंद! जय महाराष्ट्र!