कागद ज्याच्या हाती पडतो

वाणिज्य व्यवस्थापन, हॉटेल व्यवस्थापन आणि संगणकाच्या साहाय्याने केले जाणारे आरेखन, ज्याला व्यवहारात सर्वत्र 'कॅड' म्हटले जाते, या तीन अभ्यासक्रमांच्या पदव्या एकाच मांडवाखाली देण्याची प्रथा वरवर पाहता केवळ सोयीची वाटते. परंतु तिन्ही शिक्षणांतून अखेरीस निघणारी वस्तू एकच असते, आणि ती म्हणजे कागद. एक स्नातक अंदाजपत्रक मांडतो, दुसरा मेनू ठरवतो, तिसरा ड्रॉइंग काढतो, आणि तिघांच्याही कागदाबरहुकूम राबण्याची पाळी मात्र दुसऱ्याच कोणावर तरी येते. पदवी घेणाऱ्या सर्वांचे, त्यांच्या पालकांचे व अध्यापकांचे अभिनंदन करणे हे दीक्षान्त वक्त्याचे पहिले कर्तव्य होय, आणि ते येथे पार पडले असे समजावे.

मुंबईत १९१३ साली सिडनहॅम कॉलेज सुरू झाले तेव्हा वाणिज्य हा कॉलेजात शिकवण्याचा विषय आहे काय, अशी शंका घेणारे पुष्कळ होते, आणि १९५४ साली लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने त्याच शहरात केटरिंगचे शिक्षण देणारी संस्था उभी राहिली तेव्हा स्वयंपाक शिकायला कॉलेज कशाला, असे म्हणणाऱ्यांचीही उणीव नव्हती. या दोन शाखांविषयी याहून अधिक बोलण्याचा अधिकार प्रस्तुत वक्त्याला नाही, कारण त्याचे उभे आयुष्य पुणे परिसरातील कारखान्यांच्या ड्रॉइंग ऑफिसांत, म्हणजे यंत्रांच्या भागांचे नकाशे जेथे तयार होत त्या खोल्यांत, गेले आहे.

यंत्रशास्त्रीय आरेखन हे चित्र नव्हे, पत्र आहे. अठराव्या शतकात फ्रान्समधील मेझिएर येथील लष्करी विद्यालयात गास्पार मोंज याने वस्तूचे समोरून व वरून दिसणारे दृश्य एकाच कागदावर परस्परांशी बांधून दाखवण्याची पद्धत शोधली, आणि तिचे लष्करी मोल ओळखून ती काही वर्षे गुप्त ठेवण्यात आली; पण या पद्धतीचा खरा वाचक सेनापती नव्हता, तर किल्ल्याचा दगड घडवणारा पाथरवट होता, ज्याला प्रत्यक्ष जाऊन समजावणे शक्य नसे. जो समोर नाही त्याला अचूक कळावे, एवढ्यासाठीच ही भाषा घडली, आणि आज ती शिकवताना नेमका तो समोर नसलेला माणूसच अभ्यासक्रमातून गळून पडतो.

जुन्या ड्रॉइंग ऑफिसात हा विसर पडू नये अशी व्यवस्था आपोआप होती. ड्राफ्ट्समन मिनी ड्राफ्टर लावलेल्या बोर्डावर पेन्सिलीने मूळ आरेखन काढी. ट्रेसर, ज्या कामावर अनेक ठिकाणी स्त्रियाही असत, ते ट्रेसिंग पेपरवर शाईने उतरवून घेई. चुकलेली रेघ ब्लेडने खरवडावी लागे व जास्त खरवडल्यास कागदाला भोक पडे, त्यामुळे रेघ ओढण्याआधी माणूस विचार करी. आणि शेवटी चेकर नावाचा एक ज्येष्ठ, बहुधा तिरसट, गृहस्थ लाल पेन्सिल घेऊन प्रत्येक माप तपासे. त्यानंतर अमोनियाच्या वासाने डोळ्यांत पाणी आणणाऱ्या यंत्रातून प्रती निघत व त्या शॉपमध्ये, म्हणजे जिथे प्रत्यक्ष भाग घडत त्या यंत्रशाळेत, जात. कोपऱ्यातील चौकटीत, ज्याला टायटल ब्लॉक म्हणतात, काढणाऱ्याची, तपासणाऱ्याची व मंजूर करणाऱ्याची अशा तीन सह्या असत. यंत्र चालले की श्रेय तिसऱ्या सहीला मिळे आणि अडले की पहिल्या सहीला बोलावणे येई, ही या व्यवसायाची जुनी तक्रार असून ती आजतागायत फिटलेली नाही.

वक्त्याच्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी असे एक बोलावणे आले, आणि ते मंजूर करणाऱ्याकडून नव्हे तर शॉपमधून आले. एका झाकणावर दहा मिलिमीटरचे बोल्ट जाण्यासाठी अकरा मिलिमीटरची आठ भोके होती व तिथे तरुण ड्राफ्ट्समनने मोठ्या दिमाखात 'एच७' असे लिहिले होते. एच७ हा टॉलरन्सचा, म्हणजे माप ठरल्यापेक्षा किती कमीजास्त झालेले चालेल त्या मर्यादेचा, एक प्रमाणित दर्जा आहे. अकरा मिलिमीटरच्या भोकासाठी ती मर्यादा ०.०१८ मिलिमीटर, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या जाडीहूनही बरीच कमी असते, आणि ती साधायची तर नुसते ड्रिल मारून भागत नाही, मागून रीमर फिरवावा लागतो व प्रत्येक भोक गेज घालून पाहावे लागते. साठ झाकणे होती. एक वयस्क मिस्त्री तेलाचे डाग पडलेली प्रत घेऊन जिना चढून वर आले, त्यांनी ती बोर्डावर पसरली आणि विचारले, "साहेब, यात बोल्टच जाणार ना, का घड्याळ बसवायचंय?" बोल्ट त्या भोकात एक मिलिमीटरभर मोकळा हलणार होता. पाठ्यपुस्तकातील तक्त्यात एच७ होते म्हणून ते लिहिले, हे उत्तर देण्याचे धाडस झाले नाही, पण खरे उत्तर तेच होते. त्यानंतरचे तीन महिने वक्त्याला जेवणाच्या सुट्टीनंतरचा अर्धा तास ड्रिलिंग मशीनपाशी उभे राहण्याची शिक्षा झाली, आणि पदविकेच्या तीन वर्षांत मिळाले नव्हते ते तेथे मिळाले.

संगणकाचा दोष काढण्याचा येथे हेतू नाही. आयव्हन सदरलंड याने १९६३ साली अमेरिकेतील एमआयटीमध्ये प्रकाशलेखणीने पडद्यावर रेघा ओढण्याचा स्केचपॅड हा प्रोग्रॅम सादर केला, १९८२ च्या डिसेंबरात ऑटोकॅड बाजारात आले, आणि पुढे जे काम पंधरा दिवसांत होई ते दोन दिवसांत होऊ लागले, याबद्दल कृतज्ञच असले पाहिजे. ब्लेडने कागद खरवडण्यात कसलेही पावित्र्य नव्हते. तक्रार निराळी आहे. यंत्र चुकत नाही, असा समज करून घेऊन अनेक कचेऱ्यांनी पहिल्यांदा ट्रेसरची व मग चेकरची जागा रद्द केली, आणि आरेखन करणाऱ्याचे नाव बदलून 'कॅड ऑपरेटर' ठेवले, जणू तो विचार करीत नसून केवळ कळ दाबतो. सॉफ्टवेअर न मागता दशांशचिन्हापुढे तीन-तीन आकडे देते, ते तसेच कागदावर राहतात, आणि खाली कोणीतरी त्या आकड्यांपायी रात्रपाळी करतो.

मोठ्या उद्योगांचीही यातून सुटका झालेली नाही. एअरबसच्या ए३८० या दुमजली विमानात सुमारे ५३० किलोमीटर लांबीची वायर होती. हॅम्बुर्गमधील अभियंते कॅटिया या कॅड सॉफ्टवेअरच्या चौथ्या आवृत्तीवर काम करीत होते, तर तुलूझमधील पाचव्या, आणि जर्मनीहून आलेल्या वायरींच्या जुड्या जोडणीच्या वेळी आखूड पडल्या. पडद्यावर सारे जुळले होते. न जुळल्याचे कळले ते विमानाच्या पोटात शिरून हाताने वायर ओढणाऱ्यांना. २००६ साली विलंबाची जाहीर कबुली द्यावी लागली आणि पहिले विमान ग्राहकाच्या ताब्यात जाण्यास २००७ चा ऑक्टोबर उजाडला.

म्हणून या व्यासपीठावरून एकच आग्रह धरायचा आहे, व तो कंटाळवाणा वाटला तरी धरायचा आहे: कागद पुढे पाठवण्यापूर्वी तो ज्याच्या हाती पडणार आहे त्या माणसाला प्रत्यक्ष भेटावे. पुण्याजवळच्या भोसरीतील एखाद्या छोट्या वर्कशॉपमध्ये जाऊन, हे भोक कोणत्या यंत्रावर पडते, घडवायचा भाग पकडायचा कुठे, टूल आत जाते का, हे विचारावे. विचारण्यात कमीपणा वाटत असेल तर तो पहिल्याच महिन्यात वाटून संपवावा. हॉटेलच्या स्नातकाने मेनूत नवा पदार्थ घालण्याआधी भटारखान्यात तव्यांची संख्या मोजावी, आणि व्यवस्थापनाच्या स्नातकाने 'मनुष्यबळ' या रकान्यातला आकडा कमी करण्याआधी त्या आकड्यातली माणसे दिवसभर काय करतात ते एकदा पाहावे. चेकरची खुर्ची गेली, ती परत येण्याची चिन्हे नाहीत. तिचे काम आता प्रत्येकाच्या स्वतःच्या वाट्याला आले आहे.

त्या मिस्त्रींविषयी अजून पुष्कळ सांगता येईल, विशेषतः एका वर्षी दृश्यांची मांडणी उलटी वाचली गेल्याने उजव्या बाजूचे ब्रॅकेट डाव्या बाजूचे होऊन ओतले गेले तेव्हा ते काय म्हणाले ते, पण ते शब्द दीक्षान्त समारंभात उच्चारण्याजोगे नाहीत. शिवाय हॉटेल व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांनी बाहेर भोजनाची तयारी ठेवली आहे, कार्यक्रमपत्रिकेवर या भाषणासाठी पंधरा मिनिटे छापलेली आहेत, आणि त्या पंधरा मिनिटांना किती टॉलरन्स धरून भात चुलीवर चढवायचा हे भटारखान्याला कोणी कळवले होते काय, याची चौकशी करायची राहून गेली.